धुराडं कोणत्या भिंतीला

गोजाबाई : पूस ती खूण, धाकलू. घरात शेकोटी पेटवायची म्हणे! आपल्याकडं वैशाखात माणसं अंगणात बाज टाकून निजतात, आणि माझा लेक भिंत फोडून आग आत घेतोय.

अनिकेत : शेकोटी नाय आई, फायरप्लेस. सिद्धगड चढायला येणारी माणसं थंडीत इथं मुक्काम करतील. समोर डोंगर, बाजूला जाळ. फोटो काढतील, चार जणांना सांगतील. धाकलूदादा, पुसू नको. इथंच, खिडकीच्या शेजारी.

धाकलू : मी गवंडी माणूस. सांगाल तिथं बांधीन. पण ही भिंत वाऱ्याच्या तोंडावर हाय. धूर वर जायचा नाय, आत येल.

अनिकेत : मोबाइलवर पन्नास व्हिडिओ बघितलेत मी. तू आजवर किती बांधलीस?

धाकलू : फार्महाउसवाल्यांची तीन. त्यातली दोन मीच परत बुजवली.

गोजाबाई : ऐक! कल्याणला एसीत बसतो आणि इथला वारा गवंड्याला शिकवतो.

अनिकेत : आई, तुला यातलं काय कळतंय? तू फक्त तुझी चूल मागं पडवीत हलव, पत्र्याखाली. पाहुण्यांच्या कपड्यांना धुराचा वास नको.

गोजाबाई : माझ्या धुराला वास, आणि तुझ्या?

अनिकेत : माझा चिमणीतून जाणार.

गोजाबाई : चिमणी! तुझा बाप वाशिंदच्या कंपनीत अठरा वर्षं चिमण्या रंगवत होता. दोरीला लटकून. आणि घरी चूल धुमसली की उठून बाहेर बसायचा. म्हणायचा, ‘गोजे, दार उघड गो, डोळे चुरचुरतात.’ दार उघड! तेवढीच अक्कल. तू त्याच्यावरच गेलास, फक्त तुझी पँट भारी.

अनिकेत : बाबांना मधे आणू नको.

गोजाबाई : नाय आणत. धाकलू, त्या घमेल्यात लाकडं पेटव, वर थोडा ओला पाला टाक आणि ठेव खुणेपाशी. धुराच्या नळासाठी वर भोक पाडलंच आहे ना ह्यानं हौसेनं? बघू दे धूर कुठं जातो.

अनिकेत : नुसतं भोक म्हणजे चिमणी नव्हे.

धाकलू : पुरा नळ चढवला तरी वारा तोच, भाऊ.

(धाकलू घमेलं पेटवून भिंतीशी ठेवतो. थोड्याच वेळात खोली धुरानं भरते.)

अनिकेत : बस... बस झालं! बाहेर ने ते! डोळे उघडेनात माझे. आई, बाहेर चल ना, अशी उभी काय राहिलीस?

गोजाबाई : मला काय झालंय? तुझ्या काकाच्या लग्नात असल्याच धुरात मी दोन पायली पिठाच्या भाकऱ्या थापल्या. तू दोन मिनटांत बायांसारखा रडायला लागलास, असं म्हणणार होते. पण बाया चुलीपाशी रडत नाय. डोळ्यांतून पाणी येतं, ते वेगळं.

अनिकेत : मुरबाडच्या डॉक्टरनं तुझा डावा डोळा अधू झाल्याचं सांगितलं, ते ह्या धुरानंच ना?

गोजाबाई : आता विचारतोस? कागद तूच वाचलास. घडी घालून खिशात टाकलास आणि म्हणालास, वय झालं.

अनिकेत : मला वाटलं...

गोजाबाई : तुला काय वाटलं ते राहू दे. डोळे पूस.

धाकलू : भाऊ, मी एक सांगू? मधली भिंत घ्या. तिच्या पलीकडं सैपाकघर. धुराडं एकच, आत नळ दोन. हिकडं पाहुण्यांचा जाळ, तिकडं मावशीची चूल. आढ्याच्या वर तीन हात काढतो, मग वारा आडवा येत नाय.

अनिकेत : मधल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे.

गोजाबाई : तो खिडकीपाशी लावू. तिथं उजेड चांगला.

अनिकेत : आणि शेकत बसलं तर डोंगर नाय दिसणार.

गोजाबाई : डोंगर पळून चाललाय? मान वळवतील तुझे पाहुणे. आणि माझ्यावर उपकार नको करू. मी जाते पडवीत.

अनिकेत : पडवीत नाय जायचं कोणी. दादा, मधली भिंत. आणि आधी चुलीचा नळ चढव, माझा मागनं.

गोजाबाई : धुरानं अक्कल आली म्हणायची. एवढी सोपी होती तर तुझ्या बापाला पण दिली असती.

धाकलू : मावशी, चुलीचा ओटा किती उंच धरू?

गोजाबाई : म्हणजे?

धाकलू : बसून करणार का उभ्यानं? तुमच्या मापानं बांधतो.

गोजाबाई : माझ्या मापानं? थांब जरा. उभ्यानं भाकरी थापताना हात कुठं येतो, ते मलाच ठाऊक नाय. बघू दे.