उजवीकडची जागा

बसा, अर्कान्सासमधल्या आमच्या बंदुकीच्या दुकानात रांगेत ऐकलेलं सांगतो. पुढं म्हातारा ऑर्विल, मागं गावात नवा आलेला एक गडी.

"काका, ही स्वस्तातली सेमी-ऑटोमॅटिक बंदूक तुमच्याकडं आहे म्हणे. कशी आहे?"

"चारशे डॉलरात सोनं आहे. चिखलात पडली तरी अडकत नाही."

"खोड काहीच नाही?"

"रिकामी काडतुसं उजवीकडं फेकते, गरमागरम. बदकांच्या शिकारीला पाण्याकाठच्या लपणात माझा भाऊ व्हर्न तिकडंच बसायचा. एखादं कॉलरात गेलं की असल्या शिव्या घालायचा, बदकं उडून जायची!"

"मग त्यांना डावीकडं बसवा की."

"मार्चमध्ये गेला तो."

"अरेरे."

"यंदा काडतुसं नुसती पाण्यात पडतात. गड्या, शनिवारी येऊन बसतोस का तिथं? शिव्या दिल्यास तरी चालतील."