तिसऱ्या पत्रातला शब्द

दीर: वहिनी, इंग्रजी ही जबाबदार भाषा आहे. तिच्यात शंकासुद्धा तोलूनमापून घेतलेली असते. एक शब्द उगाच पडत नाही.

वहिनी: कोश उलटा धरलाय तुम्ही, भावजी.

दीर: हं. कंपनीची तिन्ही पत्रं एका ओळीत मांडा. सोमवारचं काय म्हणतं?

वहिनी: 'जहाजाशी संपर्क तुटला आहे. सर्व कर्मचारी प्रॉबेब्ली सुरक्षित आहेत.' बुधवारचंही तेच, फक्त प्रॉबेब्लीच्या जागी प्रिझ्युमेब्ली. आजच्यात पॉसिब्ली. बाकी सहीशिक्क्यासकट सारखं.

दीर: प्रॉबेब्ली म्हणजे बहुधा. तेव्हा त्यांच्या हातात काहीतरी पुरावा असणार. प्रिझ्युमेब्ली म्हणजे पुरावा नाही, पण तसं धरून चालायला हरकत नाही.

वहिनी: आणि पॉसिब्ली?

दीर: शक्य आहे. म्हणजे, अशक्य नाही.

वहिनी: अशक्य तर माझं लग्न जमणंही नव्हतं. आकड्यात सांगा.

दीर: शब्दांना आकडे लावत नाहीत.

वहिनी: वीस वर्षं कॉलेजात पोरांच्या इंग्रजीला मार्क देताय, ते कशाला लावता मग?

दीर: प्रॉबेब्लीला शंभरात पंचाहत्तर. प्रिझ्युमेब्लीला साठ.

वहिनी: पुढे.

दीर: पस्तीस.

वहिनी: काठावर पास.

दीर: ग्रेस देऊन.

वहिनी: पाच दिवसांत चाळीस मार्क गेले तुमच्या भावाचे. त्यांना काहीतरी कळलंय, भावजी. एखादं जॅकेट सापडलं असेल, रिकामी होडी दिसली असेल. सरळ लिहायची छाती नाही, म्हणून एकेक पायरी खाली उतरवतायत आपल्याला.

दीर: थांबा, दुसरा कोश बघतो.

वहिनी: तीन आणलेत तुम्ही. तिन्ही मिळून एवढंच सांगतायत की शंका आहे. ते मला फुकटात कळलंय. इंजिनरूममधला माणूस, जहाजाच्या पार तळाशी. सोमवारी आईंना म्हटलं, बहुधा ठीक आहेत. त्यावर त्या दोन घास जेवल्या. बुधवारी म्हटलं, ठीक आहेत असं धरून चालू. त्या नुसतं पाणी प्यायल्या. आता आत बसल्यात दार लोटून. आज काय सांगू?

दीर: पत्र आलंच नाही म्हणा.

वहिनी: पोस्टमनच्या हातून त्यांनीच घेतलंय.

दीर: मग म्हणा, अजून वाचून व्हायचंय.

वहिनी: दोन ओळींचं पत्र सकाळपासून वाचतोय आपण. मिटा तो कोश. सख्खा भाऊ आहे तुमचा. तुम्हाला काय वाटतं?

दीर: वाटायला लागलं की मी कोश उघडतो.

वहिनी: मी कंपनीला फोन लावते.

दीर: नको. पत्रात निदान आडोसा असतो, वहिनी. फोनवर कुणी पॉसिब्ली म्हणत नाही. सरळ सांगून टाकतात.

(वहिनी नंबर फिरवून फोन टेबलावर, पत्रांच्या मध्ये ठेवते. पलीकडचा आवाज दोघांनाही ऐकू येतो.)

कारकून: पत्रव्यवहार विभाग. बोला.

वहिनी: तुमच्या जहाजाशी संपर्क तुटलाय ना, त्यावर माझे मिस्टर आहेत. सोमवारी तुम्ही प्रॉबेब्ली लिहिलंत, आज पॉसिब्ली. मधे काय कळलं ते सांगा. मी खाली बसलेय, पडणार नाही.

कारकून: मधे काही कळलं नाही, बाई.

दीर: मग शब्द का उतरला? मी इंग्रजी शिकवतो. मला शेंडी लावू नका.

कारकून: साहेबांचा दंडक आहे, सर. एका घरी तेच पत्र पुन्हा जायला नको. लोक म्हणतात, छापील कागद पाठवता, माणुसकी म्हणून नाही. त्यामुळे दर खेपेला एक शब्द बदलायचा. साहेबांनी यादीच करून दिलीय.

वहिनी: म्हणजे बुडालं असं नाही.

कारकून: तसं नाही.

वहिनी: आणि सापडलं असंही नाही.

कारकून: जहाज गप्प झालं त्या दिवशी जेवढं माहीत होतं, तेवढंच आजही आहे.

वहिनी: पुढचं पत्र कधी?

कारकून: सोमवारी.

दीर: तोवर काही कळलं, तर त्यात येईल ना?

कारकून: सोमवारचं टाइप करून झालंय, सर. शनिवार-रविवार ऑफिस बंद असतं.