लिपोव्स्कींचे गाव

चहा घ्या सावकाश, पण सर्वपित्रीला राजघाटावर जे घडले ते ऐकूनच उठा. माझी सून हान्ना पोलंडची. तिचे वडील गेल्या वर्षी वारले. त्यांना तापीचे पाणी द्यावे, एवढ्यासाठी ती बुऱ्हाणपूरला आली होती.

गुरुजींनी विचारले, "बेटी, वडिलांचे गोत्र?"

"गोत्र नाही. आडनाव लिपोव्स्की."

मी विचारले, "त्याचा अर्थ काय गं?"

"गावाचं नाव आहे, बाबा. लिपा नावाच्या झाडांचं गाव. तुमच्यात 'कर' लावतात, आमच्यात 'स्की'."

"अरे वा! मग एकदा दाखव की तुझे गाव."

"महायुद्धात जाळलं ते, माणसांसकट. एकटे आजोबा वाचले, ते तेव्हा तान्हे होते. आता तिथे रान आहे."

मी मनातल्या मनात पांडुरंगाला हाक मारली. गुरुजींनी मात्र तिच्या ओंजळीत पुन्हा तीळ ठेवले. "ज्यांचे मागे कोणी उरले नाही, त्यांनाही पाणी देता येते. नावे सांग, बेटी."

"नावं कुणालाच माहीत नाहीत, गुरुजी. आडनावच घ्या. सगळं गाव त्यात आहे."