सीलबंद

हृदयाच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या बाईंचे कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. तिथे एक आजोबा आणि त्यांची नात बसली होती.

“पुन्हा बंद पडला फोन! जेमतेम दोन वर्षं झालीत.”

“बॅटरी बदलून घे.”

“ती आत चिकटवलेली असते, आजोबा. दुकानदाराचं एकच, नवाच घ्या.”

“माझ्या पेसमेकरचंही तेच. बॅटरी उतरली, म्हणून आज अख्खं मशीन बदलणार.”

“नुसती बॅटरी नाही बदलत?”

“सीलबंद असतं ना. डॉक्टरांना विचारलं, नवं किती चालेल? म्हणाले, बारा वर्षं.”

“छान की!”

“अगं, मी ऐंशीचा! म्हटलं, एवढं कशाला वाया घालवता? कुणाचं थोडं वापरलेलं असेल तर बसवा.”

बाईंना हसू आलं. नातीला आलं नाही.

“काहीतरीच बोलू नका, आजोबा. नवंच घ्यायचं.”