खापर खेकड्यावर

मंडळी, आधी एक सांगा. शब्दन् शब्द खरा असूनही माणूस खोटं बोलू शकतो का? — माना हलवताय, नाही म्हणताय. बरं. मग ऐका.

खाडीकाठचं एक गाव. खारं पाणी भातात शिरू नये म्हणून गावाने मातीचा लांबलचक बांध घातलेला. खेकडे त्याला बिळं पाडणार, माणसांनी ती रोज चिखलाने बुजवायची. घरटी पाळी लावलेली. त्या दिवशी पाळी होती चांगोची. आणि बांधाला लागून शेत कुणाचं? त्याच्या धाकट्या भावाचं, हिराजीचं. दुपारी उधाण आलं — आणि बांध फुटला! पोटरीला आलेलं भात डोळ्यांदेखत खाऱ्या पाण्याखाली. आता तीन वर्षं तिथे दाणा पिकायचा नाही.

ओहोटी लागल्यावर पंच बांधावरच बसले. "चांगो, बांध का फुटला?"

"खेकड्याचं बीळ होतं. त्यात अवसेचं उधाण, माती भुसभुशीत. फुटला."

यात खोटं काय? काही नाही. पंचांनी माना डोलावल्या. खेकड्याला काय पंचांपुढे उभा करणार? आणि आला तरी तिरकाच येईल तो! हसा, हसा. पण हिराजीकडे बघा.

हिराजीने हात जोडले. "दादाला बोल लावू नका. शेत माझं. मीच एक फेरी मारायला हवी होती. पोरांच्या तोंडचा घास माझ्या आळसाने गेला."

चांगो खाली बघत म्हणाला, "हिरू, तू गप. बीळ सकाळीच दिसलं होतं मला. ओंजळभर चिखल पुरला असता. लेकीच्या साखरपुड्यात सुपारी फोडायला मला बोलावलं नाहीस ना, म्हणून नाही टाकला."

बांध फुटला, त्याचं कारण खेकडा. कबूल. पण चांगोने हात उचलला नाही, त्याचं कारण बिळात कसं सापडेल? ते त्याच्या छातीत होतं, आणि पंचांनी तिथे विचारलंच नव्हतं.

हिराजीला राग आला नसेल? चांगला आला. डोळ्यांत पाणीही आलं. मग त्याने घमेलं उचलून भावाच्या हातात दिलं. "चल दादा. पुढची भरती यायच्या आत बांध घालू. भांडायचं ते नंतर."

आता तुमच्याकडे येतो. वर्षभर आईला भेटला नाहीत. का हो? रजा नव्हती, रस्ता खराब, गाडी बंद. असेल, सगळं खरं असेल. देव त्यावर वाद घालायचा नाही. तो एवढंच विचारेल — बाळा, बीळ दिसलं होतं का?