रेवणनं टाकलेली मूठभर माती

ऐका. आधी त्या शेकोटीत एक लाकूड सारा. आणि भिवा, जांभया देऊ नकोस. भ्यायचं तर जागं राहून भी.

आपल्या भागातली माणसं गलाईच्या धंद्याला कुठं कुठं गेली, ठाऊकच हाय. सोनं-चांदी गाळायची, सोनाराच्या दुकानातली केरमाती इकत घ्यायची, धुवायची, त्यातनं कण काढायचे. रेवण असाच गेला, पार हिमालयात! धाकटा भाऊ सिदा खिंडीपल्याडच्या गावात भट्टी लावून बसलेला. मधी ती खिंड, हिवाळाभर बर्फानं बंद.

फाल्गुन आला. आपल्याकडं कसा येतो? पळस पेटतो, आंबा मोहरतो. तिथलं न्यारंच. बाया घरात साठवलेली माती आणून शेतातल्या बर्फावर टाकतात. काळी माती ऊन धरते, बर्फ लवकर वितळतं. माती पडली म्हंजे वसंत आला!

तर माती नुकती पडाय लागली, आणि सिद्याच्या शेजाऱ्याचा फोन आला. "तापानं फणफणलाय. दादा, दादा करतोय."

रेवणनं औषधं बांधली आणि रात्रीच निघाला. रात्री का? अरं, दिवसा बर्फ भुसभुशीत, माणूस कमरेपर्यंत रुततो. रात्री दगडावानी टणक.

घरमालकीण छेरिंग म्हातारी दारात आडवी आली. "बेटा, खिंड अजून उघडली न्हाई. वर चकवा हाय. त्याच्यापाशी खोटा वसंत असतो." तरी हा ऐकंना. मग तिनं मातीची पिशवी दिली. "वाटेवर काठ्या रोवल्यात. दर काठीपाशी मूठभर टाक, परतायला खूण ऱ्हाईल. आणि हिरवं काही दिसलं तर त्याच्यावर बी टाक. खऱ्या भुईवर माती टिकते."

पहिल्या काठीपाशी रेवणनं म्हातारीच्या भिडेखातर एक मूठ टाकली. पुढं हात आखडला. गलाईवाल्याचा हात तो! मातीतनं सोनं काढणारा माती फेकंल व्हय?

चालला. चालला. चांदणं पडलेलं. आणि टप! थेंब पडल्याचा आवाज. अशा गारठ्यात? पुन्हा टप, टप. रेवणला बरं वाटलं. वितळतंय म्हणायचं! काठीची वाट सोडून आवाजाकडं वळला.

पुढं लाल काहीतरी. पळस! बर्फात पळस फुललेला, बरं का! मग कोकीळ ओरडला. मग वारा आला, आणि वाऱ्यावर आंब्याच्या मोहराचा वास. रेवणच्या डोळ्यांत पाणी आलं. किती वर्षं झाली होती तो वास घेऊन! येडं पळत सुटलं.

आंब्याखाली सिदा बसलेला. चांगला धडधाकट. "दादा, किती उशीर केलास रं. ये, बस सावलीला."

सावलीला! रात्री! तिथं रेवणच्या काळजात चर्र झालं. इथं आंबा कुठला? म्हातारीचं बोलणं आठवलं. पिशवीत हात घातला. पण भावावर माती टाकायची कशी? सिदा उठला, हात पसरून जवळ आला. रेवणनं डोळं मिटलं आणि मूठ फेकली.

"दादा!" एवढंच ऐकू आलं.

डोळं उघडतो तर आंबा न्हाई, पळस न्हाई. गोठलेल्या तळ्याच्या मधोमध हा उभा! पायाखाली बर्फ कडाकडा तडकतंय, आणि फेकलेली माती समोरच्या काळ्या पाण्यात बुडतीय. आणखी एक पाऊल, की संपलं होतं! पोटावर पडला, सरपटत सरपटत काठाला लागला. दिशा कळंना. तेवढ्यात लांब खाली एक काळा ठिपका दिसला. ती पहिली मूठ. तेवढीच एक खूण, तिनंच त्याला घरी आणला.

त्या रात्रीपास्नं फोन बी बंद पडलेला. खिंड उघडली तेव्हा पल्याडनं माणूस आला. सिदा गेला होता. त्याच रात्री.

ते लिंगायत. त्यांच्यात पुरतात, आणि घरच्या माणसानं मूठभर माती द्यायची असते. सिद्याला परक्यांनी पुरलं. रेवण म्हणायचा, "माझी मूठ त्याला आधीच पडली."

तवा पोरांनो, गलाईला जगभर जावा, पण त्या खिंडीच्या वाटंला जाऊ नका. बर्फात मोहराचा वास आला, तर आल्या पावली मागं फिरा.

रेवण म्हातारपणी गावी आला. दर फाल्गुनात आंबा मोहरला की दार लावून आत बसायचा. मी गेलो की एकच विचारायचा, "तो चकवाच होता न्हवं? माझा सिदा मला भेटाय आला नसंल न्हवं?"

मी म्हणायचो, चकवाच रं. दुसरं काय म्हणणार?