शेठनं घासाघीस केली नाही ती गाडी

आमचं गाव पिंपळनेरच्या पलीकडं, डोंगराला लागून. गावात पोट भरण्याजोगं काम नव्हतं म्हणून मी मिसरूड फुटायच्या आत जळगावला आलो आणि बारदानाच्या धंद्यात शिरलो. बारदान म्हणजे रिकामी पोती हो. डाळ मिलमधून, किराणा दुकानांतून उचलायची, झटकायची, फाटकी शिवून घ्यायची आणि परत विकायची. तुम्हाला वाटेल यात काय डोकं लागतं, पण सगळं डोकं भावात लागतं. पोतं हातात घेतलं की मी आधी नाक मुरडतो, मग भोकं दाखवतो, मग पोतं खाली टाकून चालायलाच लागतो, आणि मागून हाक येते ना, तिथून खरा भाव सुरू होतो.

हे मी ज्याच्याशी भांडून भांडून शिकलो तो शेठ. मारवाडी, दाणा बाजारात धान्याची पेढी, आजा राजस्थानातून आलेला, पण हा बोलतो आपल्यासारखंच. एका गठ्ठ्यावरून आमची दुपार जायची. तो म्हणायचा हिलाल, तू एक दिवस मलाच पोत्यात घालून विकशील, मी म्हणायचो शेठ, तुम्हाला घेणार कोण. मग चहा, मग परत भांडण. हमाल लोक काम सोडून ऐकत बसायचे.

तर गाडीचं सांगतो. माझ्या अंगावर एकदा पोत्यांची थप्पी आली आणि डावा पाय गेला, म्हणजे पाय आहे, पण क्लच दाबायचं काम त्याच्याकडून होत नाही. म्हणून आपोआप गिअर पडणारी गाडी पाहिजे होती. शेठच्या पोरानं नवी घेतली आणि शेठची जुनी, तसलीच, रिकामी झाली. मी गेलो, गाडीभोवती फिरलो, नाक मुरडलं, टायरला लाथ मारली, आणि भाव असा सांगितला की समोरच्यानं शिवीच द्यावी. शिवी दिली की मग मी थोडा वर, तो थोडा खाली, असं संध्याकाळपर्यंत चालेल असा माझा हिशेब. पण शेठ म्हणाला, ठीक आहे, घेऊन जा.

काय सांगू तुम्हाला, माझी झोपच उडाली. पुढची सगळी बोलणी तोंडात तशीच राहिली. शेठ आणि पहिल्या भावाला हो म्हणणार, म्हणजे गाडीत काहीतरी आहे, नक्की आहे. मी तीन मेकॅनिकना दाखवली, ते म्हणाले चांगली आहे भाऊ, मी म्हटलं नीट बघा, तुम्हाला समजत नाही.

मग अक्काच्या डोळ्याचं निघालं. अक्का माझी थोरली बहीण, नवरा गेल्यापासून इथं जळगावातच, पिंप्राळ्याला माझ्याकडं असते. एका डोळ्याचा मोतीबिंदू धुळ्याला काढलेला, दुसराही तिथंच काढायचा असा तिचा हट्ट, जळगावचा डॉक्टर तिला चालत नाही. मी म्हटलं चल, आपल्या गाडीत जाऊ. सकाळी अक्का मागं पिशवी घेऊन बसली, मी चावी फिरवली, गाडी चालू. ब्रेक दाबला आणि गिअरचा दांडा ओढला तर दांडा हलेना. पी वर म्हणजे उभ्या जागेवरच अडकला. त्याचं बटणच दबत नव्हतं. बंद केली, परत चालू केली, हँडब्रेक ओढला, सोडला, ब्रेकवर जवळजवळ उभा राहिलो. शेजारचे सर बाहेर आले, म्हणाले ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का बघू, ते लागले नाहीत तर दांडा सुटत नाही. त्यांनी मागं जाऊन बघितलं, दिवे लागत होते. मी म्हटलं आता कळलं, हेच होतं.

फोन लावला शेठला. स्पीकरवर टाकून बोललो, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. म्हटलं शेठ, आयुष्यभर तुमची पोती उचलली आणि तुम्ही माझ्या गळ्यात खटारा बांधला, म्हणूनच त्या दिवशी तुमच्या तोंडातून ‘नाही’ असं निघालं नाही. अजून बरंच बोललो, ते लिहू नका. शेठ एवढंच म्हणाला, थांब, येतो.

आला स्कूटरवर, टोपी न घालता. माझ्याकडं बघितलंही नाही. अक्काला राम राम केला, माझ्या जागेवर बसला, हँडब्रेक ओढला, दांड्याशेजारचं एक बारकं झाकण चावीच्या टोकानं उचकटलं, ब्रेकवर पाय ठेवून त्या भोकात चावी दाबली आणि दांडा ओढला. आला हो, पण गुळाच्या काकवीतून यावा तसा, सावकाश. शेठनं खाचेत बोट फिरवलं, बोट चिकट झालं. त्यानं ते नाकाला लावलं. म्हणाला, हिलाल, गाडीत दही खातोस का.

मागून अक्का म्हणाली, पंचामृत शे ते. मीच टाकं काल सांजले.

म्हणाली पहिल्यांदा बसायचं गाडीत, पूजा नको का, आणि चाकाची पूजा बठ्ठेच, म्हणजे सगळेच करतात, पण गाडी पुढं जाते ती या दांड्यानं, मग मान त्याचा. आदल्या संध्याकाळी मी अंघोळीला गेलो तेव्हा तिनं दूध, दही, तूप, मध, साखर सगळं दांड्यावर वाहिलं होतं, हळदीकुंकवासकट. ते रातभर खाचेत वाळलं. ती वर मलाच म्हणते, कितला वरडस रे तू, बिचाऱ्याला.

शेठनं गरम पाण्याचं फडकं मागितलं, पुसलं, दांडा पाच-सहा वेळा मागं-पुढं केला, आणि उतरला. मी म्हटलं शेठ, चहा. तो म्हणाला अक्काला उशीर होईल. धुळ्याला आम्ही वेळेवर पोचलो. गॅरेजवाल्यानं तिथं दांडा खोलून साफ केला, म्हणाला बाकी गाडीत काहीच नाही. डोळाही झाला. अक्काला आता भिंतीवरची पाल लांबून दिसते आणि ती मला रोज दाखवते.

मग शेठनं भाव का केला नाही? हे मला आजपर्यंत समजलेलं नाही. एकदा विचारलं, तर म्हणाला, तुला गाडी पाहिजे होती ना. हे काय उत्तर झालं?

मी अजून त्याच्याकडं पोती घ्यायला जातो. नाक मुरडतो, भोकं दाखवतो, पडता भाव सांगतो. तो म्हणतो ठीक आहे, घेऊन जा. मी पोतं टाकून चालायला लागतो तर मागून हाक येत नाही, मीच दारातून परत येतो. हमालही आता ऐकायला थांबत नाहीत. फोनवर बोललो त्याचा त्याला राग आहे की तो थकला, काही कळत नाही. मी मुद्दाम भाव अजून पाडून बघितला, तरी ठीक आहे. धंद्याच्या हिशेबानं माझा फायदाच आहे म्हणा. पण देव त्याला सुखात ठेवो, आणि एक दिवस तरी त्यानं मला दारातून हाकलावं, म्हणावं चल निघ, नाही परवडत.